बाळ कधी येणार? अंदाजाच्या खेळाचे नियम आधी लिहून काढा

ग्रुपमध्ये कुणाची ड्यू डेट कळली की दोन दिवसांत कुणीतरी म्हणतंच, चला अंदाज लावूया, कधी होईल, किती वजनाचं होईल, जो सगळ्यात जवळ जाईल तो जिंकला. मला हा खेळ मनापासून आवडतो. नऊ महिने एक बाई सगळं अंगावर काढत असते आणि बाकीच्यांना "बरी आहेस ना" विचारण्यापलीकडे फारसं काही करता येत नाही, तिथे या खेळामुळे दहा-वीस जणं एकाच बाळाची वाट बघायला लागतात, लांब राहणारा भाऊपण रोज सकाळी उठून फोन बघतो की काही मेसेज आलाय का. पण हाच खेळ बाळ झाल्याच्या दिवशी रुसवेफुगव्यांवर गेलेला पण मी बघितलाय, आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं, नियम आधी ठरलेले नसतात. सगळ्यांना वाटतं एवढ्याशा गंमतीला नियम कसले लागतात. मग बाळ येतं, दोघं जण म्हणतात मीच जवळ होतो, आणि वरातीमागून घोडं आल्यासारखे नियम शोधायला सुरुवात होते, आणि तेव्हा कुठलाही नियम काढला तरी तो कुणाच्या तरी फायद्याचाच निघतो.

म्हणून आमच्यात हा खेळ असला की नियम लिहायचं काम मी घेते. आणि प्रत्येक नियम लिहिताना मी एकच गोष्ट बघते, बाळ झाल्यावर त्याच्या आईला या खेळापायी एकही प्रश्न विचारायची वेळ यायला नको. नक्की किती वाजता झालं गं, बारा वाजून की बाराच्या आधी, वजन कपड्यांसकट केलं का, हे तिला कुणी विचारायचं नाही. तिने किंवा तिच्या नवऱ्याने तारीख, वेळ आणि वजन असा एक मेसेज टाकला की त्यावरून निकाल लागलाच पाहिजे. ज्या नियमाने हे जमत नाही तो नियम कच्चा.

पहिली गोष्ट परवानगी. आईला विचारल्याशिवाय खेळ सुरू करायचाच नाही, आणि विचारायचं ते एकटीला, सगळ्या ग्रुपसमोर नाही, कारण चारचौघांत कुणी नाही म्हणत नाही. काही जणींना ड्यू डेट कुणाला सांगायची नसते, आधी काही वाईट अनुभव आलेला असतो, किंवा नुसतं मन होत नसतं, आणि त्याचं कारण तिने द्यायची काहीच गरज नाही. ती "नको" म्हणाली की विषय संपला, आणि ती नको म्हणाली हे पण ग्रुपवर सांगायचं नाही. हो म्हणाली तरी कधीही थांबव म्हणायचा हक्क तिचा.

नियम आधी नसले की प्रकरण कुठवर जातं याचं एक खरं उदाहरण सांगते, खेळ वेगळा होता पण मुद्दा तोच. कॅनडातल्या टोरांटोमध्ये चार्ल्स व्हान्स मिलर नावाचा एक श्रीमंत वकील १९२६ मध्ये वारला. त्याने मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की पुढच्या दहा वर्षांत टोरांटोमध्ये जी बाई सगळ्यात जास्त मुलांना जन्म देईल तिला उरलेली मालमत्ता द्यावी. माझ्या मते ही अतिशय वाईट अट होती, त्यात बायकांच्या शरीराची शर्यत लावली गेली, ती पण मंदीच्या काळात. पण १९३६ मध्ये मुदत संपली तेव्हा वाद कशावर झाला बघा. मृत जन्मलेलं बाळ धरायचं का, जन्माची नोंदणी झालेली नसेल तर धरायचं का, नवऱ्यापासून नसलेलं मूल धरायचं का. एवढ्या मोठ्या मृत्युपत्रात, ते पण वकिलाने लिहिलेल्या, याची उत्तरं नव्हती, आणि कोर्टात बायकांना आपल्या गेलेल्या बाळांबद्दल बोलावं लागलं. शेवटी प्रत्येकी नऊ मुलं असलेल्या चौघींमध्ये पैसे वाटले गेले आणि आणखी दोघींना तडजोड म्हणून थोडे मिळाले. काय मोजायचं आणि काय नाही हे आधी लिहिलं नाही की ते ठरवायचा भार नेमका आईवर येऊन पडतो, हे मला ती गोष्ट वाचल्यापासून डोक्यात बसलंय.

आता ड्यू डेटकडे येऊ, कारण सगळा खेळ तिच्याभोवती आहे आणि तिच्याबद्दल गैरसमजच जास्त. शेवटची पाळी ज्या दिवशी सुरू झाली तिथून २८० दिवस म्हणजे ४० आठवडे मोजले की ड्यू डेट येते. याला नेगेलेचा नियम म्हणतात, पाळीच्या पहिल्या दिवसातून तीन महिने मागे जा, सात दिवस मिळवा आणि वर्ष पुढचं घ्या. यात गृहीत असं धरलंय की पाळी २८ दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवशी सुटतं, जे सगळ्या बायकांचं होत नाही, म्हणून पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून जी तारीख येते ती जास्त भरवशाची मानतात. म्हणजे एकाच बाळाच्या दोन ड्यू डेट फिरत असू शकतात, एक पाळीवरची आणि एक सोनोग्राफीवरची, आणि अर्ध्या ग्रुपला एक माहीत असते आणि अर्ध्याला दुसरी! त्यामुळे नियमांच्या मेसेजमध्ये सगळ्यात वर डॉक्टरांनी फाइलवर लिहिलेली एकच तारीख टाकायची.

आणि बरोब्बर ड्यू डेटलाच होणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात, त्यामुळे त्या तारखेला सगळ्यांनी उड्या मारण्यात अर्थ नाही, पण मारतात. ३९ आठवडे पूर्ण झाल्यापासून ४० आठवडे आणि ६ दिवसांपर्यंत बाळ झालं तर ते पूर्ण दिवसांचं धरतात, ३७ ते ३८ आठवडे ६ दिवस म्हणजे थोडं लवकर, ४१ ते ४१ आठवडे ६ दिवस म्हणजे उशिराचं, आणि ४२ पूर्ण झाले की दिवस उलटले म्हणायचं, तिथवर डॉक्टर सहसा जाऊ देत नाहीत. पहिलटकरीण असेल तर बाळ सरासरीने ड्यू डेटच्या थोडं पुढे जायचा कल असतो. ही एवढी माहिती मी सगळ्यांना देऊन टाकते, कारण ज्याच्या घरात दोन मुलं झालीत त्याला हे माहीत असतं आणि कॉलेजमधल्या चुलत भावाला नसतं, आणि हा खेळ काही अभ्यासाची परीक्षा नाही.

माहितीबद्दल माझं मत एकदम पक्कं आहे. सगळ्यांना सारखी माहिती, नाहीतर कुणालाच नाही. ड्यू डेट, पहिलं बाळ की दुसरं, एक की जुळी, सिझर आधीच ठरलंय का, एवढंच सांगायचं, ते पण आईची हरकत नसेल तर. शेवटच्या सोनोग्राफीत बाळाचं वजन किती दिसलं हे सांगायचं नाही. ते दोन-तीन लोकांना माहीत असतं आणि त्यांना वाटतं आपल्या हातात हुकमाचा पत्ता आहे, पण खरं तर सोनोग्राफीतलं वजन हा पण अंदाजच असतो, १० ते १५ टक्के इकडेतिकडे सहज होतं, म्हणजे तीन किलोच्या बाळात तीनशे-साडेचारशे ग्रॅमचा फरक. तरी पण ज्याला ते माहीत आहे तो आणि ज्याला नाही तो एका रांगेत उभे नाहीत. म्हणून नवरा, आई, सासू, बरोबर तपासणीला जाणारी बहीण, यांनी अंदाज जरूर द्यावा, यादीत त्यांचं नाव सगळ्यात वर टाकू, पण बक्षिसाच्या शर्यतीत त्यांना धरायचं नाही. यावर एकदा आमच्यात बरीच चर्चा झाली, होणारा बाबा म्हणाला मला पण जिंकायचंय, पण शेवटी त्याला पण पटलं, कारण डॉक्टर दर आठवड्याला काय सांगतात हे ऐकणारा तोच असतो.

एन्ट्री कधी बंद करायची यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात आणि अन्याय सगळ्यात जास्त इथेच होतो. समजा एकाने ३५व्या आठवड्यात तारीख दिली आणि दुसरा ३९ आठवडे होऊन गेल्यावर आला. दुसऱ्याला तोवर गेलेले सगळे दिवस फुकटात कळलेत की तेव्हा बाळ झालेलं नाही. पहिल्याने ३८व्या आठवड्यातली तारीख दिली असेल तर तो तेव्हाच हरत आला, आणि हा मागून येऊन उरलेल्या दोन-तीन आठवड्यांतून आरामात निवडतोय. म्हणून सगळ्यांसाठी एकच शेवटची तारीख. मी ३६ आठवडे पूर्ण होतात तो दिवस धरते, रात्री नऊ वाजता फॉर्म बंद. त्याच्या आधी कितीही वेळा बदला, शेवटचा अंदाज धरला जाईल. नंतर कुणी कितीही जवळचं असलं, प्रवासात होतो म्हणालं, नेट नव्हतं म्हणालं, तरी एन्ट्री नाही, त्यांनी हौसेने आकडा सांगावा, पण यादीत तो जाणार नाही. सुरुवात पण ३३-३४ आठवड्यांच्या आधी करू नये असं मला वाटतं. जगात दर दहा बाळांत साधारण एक बाळ ३७ आठवडे भरायच्या आत जन्मतं, ही गोष्ट दुर्मीळ नाही, आणि ज्या घरात आधीच काळजी आहे तिथे ग्रुपवर तारखांची यादी फिरत असणं बरं दिसत नाही.

अंदाज गुपित ठेवायचे. म्हणजे फॉर्म भरायचा किंवा खेळ चालवणाऱ्याला वैयक्तिक मेसेज करायचा, ग्रुपवर उघड टाकायचा नाही. उघड असलं की काय होतं, कुणीतरी विचार करून १४ तारीख दुपारी तीन लिहितं आणि पाठोपाठ दुसरा येऊन १४ तारीख तीन वाजून एक मिनिट लिहितो. त्याने तीनच्या पुढचा सगळा भाग एका मिनिटाने स्वतःच्या खिशात घातला. हे काही नियमाच्या बाहेर नाही पण खेळाची मजा घालवणारं आहे, आणि ज्याने आधी मनापासून तारीख दिली त्याचं नुकसान करणारं आहे. फॉर्म बंद झाला की त्याच रात्री सगळी यादी एकदम ग्रुपवर टाकायची, स्क्रीनशॉटसकट, म्हणजे खेळ चालवणाऱ्यावर पण कुणी शंका घ्यायला जागा उरत नाही. चालवणाऱ्याने स्वतः खेळायचं असेल तर त्याने आपला अंदाज फॉर्म उघडायच्या आधीच आईकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे देऊन ठेवायचा, कारण बाकीचे सगळे अंदाज त्याला दिसत असतात.

आता वेळ. लोक तारीख वेगळी आणि वेळ वेगळी विचारतात, आणि तारीख बरोबर आली तर इतके गुण, वेळ जवळ असेल तर तितके. मला हे अजिबात पटत नाही. बाळ १३ तारखेला रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी झालं असं धरा. एकीने १२ तारीख रात्री ११:५० लिहिलंय, ती वीस मिनिटांनी चुकली. दुसऱ्याने १३ तारीख रात्री दहा लिहिलंय, तो जवळजवळ बावीस तासांनी चुकला. तारखेला गुण दिले तर बावीस तासवाला जिंकतो आणि वीस मिनिटवाली हरते. हे बरोबर कसं असेल? त्यामुळे तारीख आणि वेळ मिळून एकच उत्तर धरायचं आणि खऱ्या वेळेपासून ते किती लांब आहे ते मोजायचं, अलीकडे असो की पलीकडे. "पुढे गेला तो बाद" वगैरे पण नको, त्यात उशिराची तारीख देणाऱ्यावर विनाकारण अन्याय होतो.

वेळ २४ तासांच्या घड्याळात लिहून घ्यायची. "१२ वाजता" लिहिलं की दुपारचे की रात्रीचे, आणि रात्रीचे असले तर कुठल्या तारखेचे, यावरच पंधरा मेसेज होतात. ००:१० म्हटलं की प्रश्नच मिटला. आणि वेळ धरायची ती बाळ जिथे जन्मलं तिथली, कारण हल्ली ग्रुपमध्ये निम्मे लोक वेगवेगळ्या देशांत असतात आणि कुणाकडे तेव्हा आदली तारीख चालू असते, म्हणून फॉर्मवर हे ठळक लिहायचं.

वेळेबद्दल एक गंमतीची माहिती, ही पण सगळ्यांना सांगून टाका. इंग्लंडमधल्या २००५ ते २०१४ या काळातल्या ५० लाखांवर जन्मांचा एक अभ्यास २०१८ मध्ये आला होता, त्यात दिसलं की आपोआप कळा सुरू होऊन होणाऱ्या प्रसूती पहाटे जास्त होतात, सगळ्यात जास्त चारच्या आसपास, आणि ठरवून केलेली सिझर साहजिकच कामाच्या दिवशी सकाळी. म्हणजे बाळ पहाटे येतं हे नुसतं ऐकीव नाही, त्यात तथ्य आहे.

वजनाचं वेगळंच. जन्मल्यावर जे पहिलं वजन नोंदतात तेच धरायचं, घरी जातानाचं नाही, कारण पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं, सात ते दहा टक्क्यांपर्यंत उतरणं नेहमीचं मानतात आणि दहा-चौदा दिवसांत ते भरून येतं. तीन किलो दोनशेचं बाळ तिसऱ्या दिवशी तीन किलोच्या आत दिसू शकतं, आणि मग कुणाला जन्माच्या दिवशी एक आकडा कळलेला असतो आणि कुणाला भेटायला गेल्यावर दुसरा. वजन ग्रॅममध्येच मागायचं. पौंडात लिहिणारे असले तर त्यांना पौंड आणि औंस वेगळे लिहायला सांगा, कारण "७.८ पौंड" लिहिणाऱ्याच्या मनात पुष्कळदा सात पौंड आठ औंस असतं. सात पौंड आठ औंस म्हणजे साधारण ३४०२ ग्रॅम, आणि सात पूर्णांक आठ पौंड म्हणजे साधारण ३५३८ ग्रॅम. एका टिंबाने १३६ ग्रॅम गेले, आणि एवढ्यावर तर निकाल फिरतो. बहुतेक पूर्ण दिवसांची बाळं अडीच ते चार किलोच्या मध्ये असतात, अडीचच्या खाली कमी वजनाचं म्हणतात, आणि हे पण आधी सांगून ठेवावं, नाहीतर कुणीतरी हौसेने पाच किलो लिहितं आणि आई ते वाचून घाबरते.

तर आता वेळेतली चूक आणि वजनातली चूक एकत्र कशी करायची? दिवस आणि ग्रॅम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी असं बघते की बहुतेक बाळं ड्यू डेटच्या दोन आठवडे आगेमागे येतात, म्हणजे १४ दिवस इकडे १४ तिकडे. आणि वजन नेहमीच्या मधल्या आकड्यापासून साधारण सातशे ग्रॅम इकडे सातशे तिकडे. सातशेला चौदाने भागलं की पन्नास. म्हणून एक दिवस चुकला तर एक गुण, ५० ग्रॅम चुकले तर एक गुण, दोन्ही मिळवायचे, ज्याचे सगळ्यात कमी तो जिंकला. अगदी काटेकोर गणित नाही हे, पण दोन्ही बाजूंना साधारण सारखं वजन मिळतं आणि कुणालाही कागदावर तपासता येतं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

वरचंच उदाहरण पुढे नेते. बाळ १३ तारखेला ००:१० ला झालं, वजन २९४० ग्रॅम. वीस मिनिटांनी चुकलेली आहे तिने वजन ३३०० दिलं होतं, ३६० ग्रॅमची चूक म्हणजे ७.२ गुण, वेळेचे जवळजवळ शून्य, एकूण ७.२१. बावीस तासवाल्याने ३००० दिलं होतं, वेळेचे ०.९१ आणि वजनाचे १.२, एकूण २.११. तिसरी एक आहे तिने १६ तारीख सकाळी सहा आणि २९५० दिलं, वेळेचे ३.२४, वजनाचे फक्त ०.२, एकूण ३.४४. म्हणजे दोन्हीत बऱ्यापैकी जवळ असणारा जिंकला, आणि मला वाटतं हेच योग्य आहे. वीस मिनिटांवर असलेलीचं कौतुक वेगळं करा ना, "वेळ सगळ्यात जवळ" म्हणून तिचं नाव घ्या, तिला पण बरं वाटेल. पण ते कौतुक आहे, निकाल नाही, आणि हे आधी लिहिलेलं असलं पाहिजे.

सिझरचं काय? एन्ट्री बंद व्हायच्या आधी तारीख ठरलेली असेल तर ती सगळ्यांना सांगायची आणि वेळेचा प्रश्नच काढून टाकायचा, नुसतं वजन. एन्ट्री बंद झाल्यावर ठरलं तर मी काहीच बदलत नाही, दिलेले अंदाज तसेच, कारण तारीख देताना कुणालाच ते माहीत नव्हतं म्हणजे सगळे सारखेच. आयत्या वेळी सिझर करावं लागलं, कळा आणण्यासाठी औषध द्यावं लागलं, तरी तेच. "नैसर्गिक असतं तर माझी तारीख आली असती" हे वाक्य मात्र कुणी ग्रुपवर लिहायचं नाही, हे मी नियमातच टाकते. जिचं पोट नुकतंच शिवलंय तिने ते वाचायचंय, आणि तिच्या मनात आधीच काय काय चाललेलं असतं हे आपल्याला माहीत नसतं. जुळी असतील तर पहिल्या बाळाची वेळ आणि दोघांचं मिळून वजन, आणि जुळी सहसा लवकर येतात म्हणून एन्ट्री पण आठवडाभर का होईना पण आधी बंद करायची.

काय विचारायचं नाही ही यादी मला तितकीच जवळची आहे. केस दाट की विरळ, दिसायला कुणासारखं, यात पंच कोण होणार? डोळ्यांचा रंग तर पुढच्या काही महिन्यांत बदलू पण शकतो. कळा किती तास चालतील यावर अंदाज लावणं मला निर्दयी वाटतं, तिच्या वेदनांचे तास मोजून कुणी जिंकायला नको. तिचं वजन किती वाढलं, पोट किती दिसतं, हे तर अजिबातच नाही. नाव काय ठेवतील हे पण नको, आईबाबांच्या मनातलं नाव कुणीतरी थट्टेत लिहून ठेवतं आणि मग त्यांना ते ठेवताना अवघडल्यासारखं होतं.

आणि मुलगा की मुलगी, हा प्रश्न मी ठेवतच नाही. एक तर खेळ म्हणूनच तो वाईट आहे, जगात नैसर्गिकपणे दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात म्हणजे नाणं उडवण्यासारखंच झालं, त्याला दहा गुण ठेवले की बाकीचा सगळा विचार वाया. काही देशांत आईबाबांना सोनोग्राफीतच कळलेलं असतं आणि घरातल्या निम्म्या लोकांना माहीत असतं, काही ठिकाणी सांगायला कायद्यानेच बंदी आहे, म्हणजे कुठे खेळतोय त्यावर पण गोष्ट बदलते. पण माझं खरं कारण वेगळं आहे. बाळ झाल्याची बातमी आली की पहिल्या मिनिटाला ग्रुपवर कुणीही "अरेरे, मी हरलो" लिहिलेलं मला नकोय, त्या बाळाच्या मुलगी असण्यावर किंवा मुलगा असण्यावर तर नाहीच नाही. तारखेवर अरेरे म्हणा, वजनावर म्हणा, चालेल. माणसावर नको. काही जण म्हणतात एवढं मनावर काय घ्यायचं. मी घेते.

आता जे लिहायला जड जातं ते. सगळं नेहमीच चांगलं होतं असं नाही. बाळ ३७ आठवड्यांच्या आधी आलं, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, आईची तब्येत बिघडली, किंवा बाळ राहिलंच नाही. यासाठी नियम एकच आणि तो ग्रुपवर मोठ्याने चर्चा न करता फॉर्मच्या खाली एका ओळीत लिहायचा, "घरच्यांनी सांगितलं तर खेळ तिथेच थांबेल." तसं झालं तर खेळ चालवणाऱ्याने यादी काढून टाकायची, फॉर्म पुसायचा, कुणाचे पैसे घेतले असतील तर गुपचूप परत करायचे, आणि खेळ रद्द अशी घोषणा पण करायची नाही. बाळ लवकर आलं पण ठणठणीत आहे आणि आई स्वतःच म्हणाली की अगं त्या खेळाचं काय झालं, कोण जिंकलं, तर आनंदाने निकाल लावा, पण ते तिने म्हणायचं, आपण वाट बघायची. आणि हॉस्पिटलमध्ये काम करणारी ओळखीची व्यक्ती असली तरी बातमी आईबाबांच्या आधी तिच्याकडून फुटता कामा नये. निकाल त्यांच्या मेसेजवरच लागतो. त्यांनी आठ दिवसांनी मेसेज टाकला तर निकाल आठ दिवसांनी.

पैशाबद्दल, मी शक्यतो पैसे ठेवतच नाही. ऑफिसमध्ये तर नकोच, नवीन लागलेल्याला नाही म्हणता येत नाही, आणि पैसे लावून पैज हा प्रकार कुठे कायद्यात बसतो कुठे नाही. बक्षीस साधं ठेवा, जिंकणाऱ्याने पहिल्यांदा बाळाला मांडीवर घ्यायचं असं काहीतरी, ते पण आई म्हणेल तेव्हा. दोघांचे गुण सारखे आले तर दोघंही जिंकले, आणखी काही काढून कुणाला हरवायचं नाही.

एक गोष्ट मात्र जरूर करून बघा. १९०७ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने एक लेख लिहिला होता, इंग्लंडमध्ये प्लिमथला एका जनावरांच्या प्रदर्शनात बैलाचं वजन ओळखायची स्पर्धा झाली होती, त्यातल्या चिठ्ठ्या त्याने मागून घेतल्या. न वाचता येणाऱ्या वगैरे १३ चिठ्ठ्या बाजूला काढून ७८७ उरल्या (तिथे पण नीट न लिहिलेली एन्ट्री बाद, बघा). सगळे अंदाज चढत्या क्रमाने लावून त्याने बरोबर मधला आकडा काढला तर तो आला १२०७ पौंड, आणि खरं वजन त्याने दिलंय ११९८ पौंड. एक टक्क्याच्या आत! तर आपल्या यादीतले पण सगळे अंदाज क्रमाने लावायचे, वेळेचा मधला आणि वजनाचा मधला काढायचा, आणि तो "सगळा ग्रुप" या नावाने एक एन्ट्री म्हणून यादीत टाकायचा, एन्ट्री बंद झाली त्याच रात्री, नंतर नाही. आमच्यात हा ग्रुपचा अंदाज बहुतेकांच्या पुढे असतो आणि लोक आपापल्या आकड्याबरोबर त्याच्यावर पण डोळा ठेवून असतात. तो जिंकला तर बक्षीस बाळाला द्यायचं.